त्रायलोच्या नावानं दिलेला टीव्ही

गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं, बी धरायला लागलं होतं आणि कापायला माणूस मिळत नव्हता. पर्सिदानं सगळं गाव पालथं घातलं. जो तो एकच सांगायचा, "पाऊनकडं जायचंय. त्येचं उरकलं की बघू." पाऊन म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र गावात त्याच्या एकट्याकडं होतं, म्हणून ज्याला ते हवं असे तो आधी पाऊनच्या रानात राबायचा आणि मग स्वतःच्या. पर्सिदाला यंत्र नको होतं. तिला त्या घरची सुईसुद्धा नको होती.

शेवटी तिनं गेल्या वर्षी वारलेल्या नवऱ्याचा, त्रायलोचा, लांब दांड्याचा विळा माळ्यावरून काढला, दगडानं घासून त्याचा गंज उतरवला आणि भल्या सकाळी उतारावर उभी राहिली. साठी उलटलेली बाई. दोन हात मारले की विळ्याचं टोक मातीत घुसायचं. त्रायलोच्या हातात हाच विळा पाण्यासारखा जायचा. ऊन वर आलं तशी घोडमाशी मानेला डसायला लागली आणि तळहाताला फोड आले. तिनं डोक्याचा रुमाल सोडून हाताला गुंडाळला आणि पुन्हा कापायला लागली.

वरच्या रस्त्यानं पाऊनचा ट्रॅक्टर गेला. मागच्या ट्रॉलीत माणसं दाटीनं बसली होती. पाऊननं मान वळवली नाही. ट्रॉलीतून कुणीतरी ओरडलं, "आज्जे, दाढी करतीयास का डोंगराची?" सगळे खदखदून हसले. ट्रॉलीतला गवताचा भुगा उडून तिच्या अंगावर आला, घामाला चिकटला. पर्सिदानं तो पुसला नाही. तसाच राहू दिला, संध्याकाळपर्यंत.

दुपारी शेजारची स्ताना दंताळं घेऊन मदतीला आली. स्ताना तोंडाळ, पण मनानं चांगली. बसल्या बसल्या ती म्हणाली, "वर्षाची पोमाना आली की गं त्रायलोची. काय काय देनार?"

"कपडे. बूट. खुर्ची. ताटवाटी. घोंगडं."

"आन टीव्ही?"

"टीव्ही कशापायी?"

"अगं, आता समदे देत्यात. वरच्या गावात त्या मिलुंकानं पोराच्या नावानं टीव्ही दिला, त्यो चालवायचा डबासुदीक दिला. तिकडं बसून काय करंल बिचारा? बघंल तरी कायतरी."

पोमानेच्या, म्हणजे मेलेल्याच्या, जेवणाला त्याच्या नावानं जे देतात ते त्याला तिकडं पोचतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाईच्या नावानं बाईला देतात, पुरुषाच्या नावानं पुरुषाला. ज्यानं घेतलं त्यानं ती वस्तू वापरायची. अंगात घालायची, तिच्यात जेवायचं, तिच्यावर बसायचं. वापरली नाही तर मेलेला तिच्यामागं येतो आणि मागत बसतो. दिलेली वस्तू परत घेता येत नाही, आणि समोर मेणबत्ती लावून दिलेली वस्तू नाकारायची छाती अजून ह्या खोऱ्यात कुणाला झालेली नाही.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत त्रायलो पाऊनच्या रानात होता. पर्सिदा जेवण घेऊन गेली तर तो गवताच्या ढिगाला टेकून बसलेला, एक हात छातीवर, ओठ राखेसारखे. ती किंचाळली, "भावजी, ह्यास्नी खाली न्ह्या!" पाऊननं त्रायलोकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं. म्हणाला, "सावलीत बस जरा, त्रायलो. दोन खेपा ऱ्हायल्यात. पावसात भिजंल समदं." दोन्ही खेपा गेल्या. पर्सिदा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि ट्रॅक्टर परत यायची वाट बघत राहिली. तिसऱ्या खेपेला त्रायलोला ट्रॉलीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, जरा लवकर आणलं असतं तर.

आणि मयताला पाऊन रडला असा, की गावातल्या रडणाऱ्या बायकांनी त्याच्याकडून शिकावं. शवपेटी त्यानंच आणली. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. हे ऐकून पर्सिदाच्या पोटात जे पेटलं, ते वर्षभर विझलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं गाईची धार काढली, मक्याचा घाटा आणि चीज खाल्लं आणि टीव्ही लावला. टीव्हीखाली तो काळा डबा होता, पोरीनं व्हिएन्नाहून पाठवलेला. तळहाताएवढा, पण त्याच्यात सगळं जग. रिमोटवरचं बटण दाबून बोललं की तो शोधून द्यायचा. फक्त आपली घरची व्लाख बोली त्याला कळायची नाही, सरकारी सर्बियन बोलावं लागायचं, आणि पर्सिदाचं सर्बियन ऐकून तो भलतंच काही दाखवायचा. एकदा तिनं पोमाना मागितली तर त्यानं पोमादा ऐकलं आणि कपाळाला लावायचं मलम दाखवलं.

आता मात्र त्याला तिची सवय झाली होती. लावला की आजूबाजूच्या गावांच्या पोमाना आपोआप समोर यायच्या. सगळ्यांची पोरं परदेशात, म्हणून लोक लग्नं, मयतं, पोमाना सगळ्याचं चित्रीकरण करून टाकतात. तासन् तास नुसती जेवणाची टेबलं, मेणबत्त्या, बायका, वाजवणारे. पर्सिदाला त्याच्यापुढं कुठलीच मालिका आवडत नसे. कुणाच्या टेबलावर किती पाव, कुणाची सून रडताना इकडंतिकडं बघते, हे ती बारकाईनं बघायची.

त्या संध्याकाळी मिलुंकाचा टीव्ही दिसला. टेबलावर ठेवलेला, वर मेणबत्ती, समोर एक जाडा पोरगा लाजत उभा. मिलुंका त्याला म्हणत होती, "घे. तू बघशील तवा माझा पोर तुझ्या शेजारी बसून बघंल."

ती पोमाना संपली, रिमोटला कुणी हात लावला नाही म्हणून जरा वेळानं पडद्यावर फोटो फिरायला लागले. डब्याची ती खोडच होती. पोरीनं आईच्या मोबाईलमधले फोटो त्याला जोडून दिले होते. नातवंडं, गाय, बर्फ, आणि मग त्रायलो. विळा खांद्यावर, दात पडलेलं तोंड पसरून हसणारा. पर्सिदा त्याच्याकडं बघत राहिली आणि तिला कुणाला काय द्यायचं ते कळलं.

तिनं लगेच व्हिएन्नाला फोन लावला. पोरगी व्हायोलेटा जिने पुसून नुकतीच घरी आली होती.

"ह्यो डबा दुसऱ्याच्या घरात नेला, तर माझ्या मोबाईलातले फोटू तिथं दिसत्याल का?"

"दिसतील. जोडलेलं तसंच राहतं. पण न्यायचाय कुठं?"

"आन मी इथनं नवा फोटू घातला तर?"

"तोही दिसंल. आई, काय चाललंय तुझं?"

"तुझ्या बाच्या नावानं देतीया. तुझ्या चुलत्याला."

"आई, तो तुझ्यासाठी घेतलाय. पोरं त्याच्यावर दिसतात तुला, मोठी मोठी. मोबाईलावर तुला नीट दिसत नाही."

"चष्मा घालीन."

"काकाला त्रास द्यायला देतीस ना? मला कळत नाही व्हय?"

"तुला कळतंय, बास झालं. त्येला कळंपतूर गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी पर्सिदा रुमाल बदलून, राकिया दारूची बाटली आणि मेणबत्ती घेऊन पाऊनच्या दारात गेली. वर्षभरात पहिल्यांदा. जाऊबाई स्मिल्का पायरीवर कोंबडीची पिसं काढत होती, तिच्या हातून कोंबडीच पडली.

"पोमानेला या," पर्सिदा म्हणाली. "दोघं बी. भावजींच्या हातात कायतरी द्यायचंय ह्यांच्या नावानं."

पाऊन आतून आला. उंच, रुंद, पण वर्षात खांदे उतरले होते. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्याला वाटलं, झालं गेलं विसरली. "पर्सिदे," तो म्हणाला, "उद्या मानसं आन यंत्र घिऊन येतो तुझ्या रानात. दोन तासांत उरकंल."

"गवताची कसली घाई," पर्सिदा म्हणाली. "गवत थांबतंय."

पाऊनचं तोंड उतरलं. ती वळून निघाली तेव्हा तिला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत तिनं कुत्र्यालासुद्धा नावानं हाक मारली.

पोमानेच्या दिवशी अंगणात लांब टेबल मांडलं. कोकरू, कोबी, गोल पाव, प्रत्येक पावात मेणबत्ती. टेबलाच्या वरच्या टोकाला त्रायलोची खुर्ची, तिच्यावर त्याचे कपडे, खाली बूट. वाजवणारा आला होता, चित्रीकरण करणारा आला होता. माणसं गवताच्या रानातून थेट आलेली, धुतलेल्या मानेवर उन्हाचा लाल पट्टा. पर्सिदानं उदाचं भांडं टेबलाभोवती फिरवलं. कपडे, बूट आणि खुर्ची स्तानाच्या नवऱ्याला, योर्गोवानला दिली. तो त्रायलोच्याच वयाचा, त्याच बांध्याचा. त्यानं टोपी काढून म्हटलं, "देव त्येला क्षमा करो." असंच म्हणायचं असतं.

मग तिनं घरातून टीव्ही आणवला. वर काळा डबा, त्याच्यावर मेणबत्ती चिकटवलेली. लोक कुजबुजले. पर्सिदा मोठ्यानं म्हणाली, चित्रीकरणवाल्याकडं तोंड करून, म्हणजे व्हिएन्नापर्यंत ऐकू जावं:

"ह्या सूर्यासमोर, ह्या मातीसमोर, ह्यो टीव्ही मी त्रायलोला देतीया. पाऊन भावजी, तुम्ही घ्या. रोज सांजच्याला लावा. तुमी बघताना त्यो तुमच्या शेजारी बसंल. त्येला तुमच्याशिवाय कोन हाय? मरताना बी त्यो तुमच्याकडंच बघत व्हता."

अंगणात पाव मोडायचा आवाजसुद्धा थांबला. त्या दिवशी रानात असलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. पाऊनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यानं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटांवर ओघळलं.

"देव त्येला क्षमा करो," तो पुटपुटला.

"ऐकू आलं न्हाई, भावजी."

"देव त्येला क्षमा करो!"

"त्येला कशाची क्षमा लागतीया," पर्सिदा म्हणाली आणि कोबी वाढायला वळली.

योर्गोवाननं त्याच दिवशी टीव्ही पाऊनच्या घरी नेऊन तिथल्या नेटला जोडून दिला. पर्सिदाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडं पाऊनची खिडकी दिसायची. दिवस मावळला की ती निळी व्हायची. पर्सिदा चूल न पेटवता खुर्ची ओढून बसायची. आता भिंतीवर टीव्ही नव्हता, पण एवढा चांगला कार्यक्रम तिनं आयुष्यात बघितला नव्हता.

दिवसा ती आणि स्ताना गवत पसरायच्या, उलटायच्या, संध्याकाळी खांबाभोवती रचायच्या. स्ताना खबर आणायची.

"फुटबॉल लावला म्हनं काल. मॅच संपल्यावर पानी प्यायला गेला, आला तर पडद्यावर त्रायलो. हसतोय. पाऊनच्या हातनं तांब्या पडला."

"फुटला?"

"तांब्या कुठं फुटतोय. पर चेपला."

"आनी?"

"स्मिल्का म्हनती, बंद करा. त्यो म्हनतो, बंद कसा करू, त्येच्या नावाचा हाय. आता नुस्ता बसून ऱ्हातो. घास उतरंना म्हनं."

पर्सिदाच्या पाठीचा दुखरा मणका दंताळं ओढताना कुरकुरायचा, पण हे ऐकलं की दुखणं कुठल्या कुठं. संध्याकाळी चष्मा लावून ती मोबाईलात नवा फोटो घालायची. त्रायलो पाऊनच्याच ट्रॅक्टरवर. त्रायलो पाऊनच्या पोराच्या लग्नात, पाठीवर दारूचं पिंप. मग एक दिवस तिनं कपाट उघडून मयताचा फोटो काढला. सगळे शवपेटीच्या कडेनं उभे, मधे त्रायलो, हनुवटीला बांधलेला फडका अजून सोडलेला नाही. त्याचा तिनं मोबाईलवर फोटो घेतला. बोट जरा थांबलं. मग तिनं तोही घातला आणि खिडकीत जाऊन बसली. निळ्या उजेडात पाऊन ताडकन उभा राहिलेला दिसला. तिनं दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर खबरी आटल्या. स्ताना गवत उलटायची आणि गप्प राहायची. पाऊन रस्त्यानं जाताना दिसायचा तो दाढी केलेला, टोपी नीट घातलेला. एकदा तर तो शीळ वाजवत होता.

"बोल की गं," पर्सिदा खेकसली. "जीभ गिळलीस काय?"

"काय बोलू. बरा हाय त्यो." स्तानानं दंताळ्याला टेकून घाम पुसला. "घरातली एक खुर्ची मांडून ठिवली हाय शेजारी. उशीबिशी घालून. दोन पेले भरतोय. बोलतोय त्रायलोसंगं. आज कुठलं रान कापलं, कुठली गाय व्याली, समदं सांगतोय. स्मिल्का म्हनती, वर्षानं पहिल्यांदा माणसागत झोपला."

"झोपला?"

"व्हय."

पर्सिदानं गवताची पेंढी उचलली आणि तशीच धरून उभी राहिली. वर्षभर त्रायलो तिच्या स्वप्नात यायचा. काही बोलायचा नाही, दारात बूट काढायचा आणि आत यायचा. पोमाना झाल्यापासून तो एकदाही आला नव्हता.

"स्ताने, माझ्याकडं येत न्हाईत गं हे. स्वप्नात बी न्हाई."

"कसा येईल?" स्ताना सहज म्हणाली. "तिकडं धाडलास की तूच. त्येचा टीव्ही तिकडं, त्येचा पेला तिकडं. सांजच्याला मानूस जिथं बसतो, तिथंच ऱ्हातो."

पर्सिदाच्या हातातली पेंढी सुटली. पाऊनला छळायच्या नादात तिनं नवऱ्याला मेणबत्ती लावून, उदाच्या धुरात, सगळ्या गावासमोर स्वतःच्या घरातून उचलून दिलं होतं. आणि तेही कुणाला!

ती तशीच उतार उतरली. रुमाल मानेवर, पायात रानातले बूट. पाऊनच्या दारात स्मिल्का शेंगा सोलत होती, ती काही विचारायच्या आत पर्सिदा आत गेली. दिवस मावळत होता. टीव्ही लागलेला होता, आवाज नव्हता, नुसते फोटो फिरत होते. पाऊन पायमोजे घालून बाकावर बसला होता. शेजारी रिकामी खुर्ची, खुर्चीपुढं राकियाचा भरलेला पेला.

"परत द्या," पर्सिदा म्हणाली.

पाऊन उठला नाही. "पोमानेचं परत जात न्हाई, पर्सिदे. तुला मी सांगू व्हय?"

"त्ये माझं मानूस हाय."

"माझा भाऊ हाय."

"भाऊ! गवत कोरडं ठिवायला भावाला मारलंत तुमी!"

स्मिल्का दारात येऊन थांबली होती. पाऊननं पडद्याकडं बघितलं. "सांगितलं मी त्येला," तो म्हणाला. "समदं सांगितलं. म्हनलं, त्रायलो, मी आभाळ बघितलं, तुला न्हाई बघितलं. वर्षभर कुनाला म्हनलो न्हवतो. त्येला म्हनलो."

"मग?"

"काय म्हनंल? तेवढ्यात त्यो विळ्याचा फोटू आला. हसत व्हता."

पर्सिदाला ठाऊक होतं की तो हसलाच असता. आयुष्यभर असंच. पाऊननं हाक मारली की घरचं ताट टाकून जायचा, पाऊननं शिव्या दिल्या तर हसायचा, आणि तिनं पाऊनला शिव्या दिल्या की म्हणायचा, सोड गं, थोरला हाय. जिवंत होता तेव्हा तिच्या बाजूनं एकदा उभा राहिला नाही. मेल्यावरसुद्धा नाहीच. त्या क्षणी तिला पाऊनपेक्षा त्रायलोचा जास्त राग आला. त्या हसऱ्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

फोटो बदलला. शवपेटी आली. पाऊननं नजर हटवली नाही.

"ह्यो तू घातलास न्हवं? बरं केलंस," तो म्हणाला. "त्या दिवशी मी रडत सुटलो, पर त्येच्या तोंडाकडं बघायची छाती झाली न्हवती. आता रोज बघतो."

तिनं मारलेला प्रत्येक दगड ह्या माणसानं उचलून आपल्या घराच्या भिंतीला लावला होता. बाहेर स्मिल्कानं कोंबड्यांना हाकललं आणि दार लोटून घेतलं.

"भावजी," पर्सिदा शेवटी म्हणाली, "मी तुमास्नी माफ केलेलं न्हाई."

"ठावं हाय."

"मरंस्तवर करनार न्हाई."

"नगं करूस. बस तरी."

त्यानं बाकावर सरकून जागा केली. पर्सिदानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातलं धार काढायचं तीन पायांचं स्टूल तिनं फरफटत आणलं आणि बाक आणि खुर्ची यांच्या बरोबर मधे, जरा पुढं, ठेवून पाऊनकडं पाठ करून बसली. आता पाऊनला ना खुर्ची दिसत होती, ना धड पडदा. गवताच्या काड्या लागलेली तिची पाठ तेवढी दिसत होती. तिनं त्रायलोचा पेला उचलला, रिकाम्या खुर्चीकडं बघून एका घोटात रिकामा केला आणि परत त्याच्यापुढं ठेवला.

"जरा डावीकडं सरक," थोड्या वेळानं पाऊन म्हणाला.

"न्हाई सरकनार," पर्सिदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाऊन रानातून यायच्या आत ती येऊन स्टुलावर बसली होती. तिसऱ्या दिवशीही. गवताचा हंगाम सरला, आलुबुखारे पिकले, राकियाच्या भट्ट्या पेटल्या, बर्फ पडला. तिनं एक संध्याकाळ चुकवली नाही. पाऊनशी ती एक शब्द बोलली नाही, जे काय बोलायची ते खुर्चीशी, आणि तेही इतकं हळू की पाऊनला ऐकू जाऊ नये. आपल्या भावाशी एकट्यानं बोलायला पाऊनला त्यानंतर एकही संध्याकाळ मिळाली नाही.